चर्चसारखं न दिसणारं चर्च

हिंडलग्यातले आमचे एक कॅथलिक शेजारी मुंबईहून परतले ते कुरकुरतच. “दादरचं पोर्तुगीज चर्च बघितलं. चर्चसारखं वाटतच नाही हो!” हे वाक्य मला बरेच दिवस टोचत राहिलं.

तिथलं मूळ चर्च १५९६ चं, फ्रान्सिस्कनांचं. आजची काँक्रीटची वास्तू चार्ल्स कोरियांनी १९७० च्या दशकात उभी केली. इमारत रस्त्यावरून बघायची की आत बसायची, हा माझा नेहमीचा प्रश्न. त्या कसोटीवर मला ती फार आवडते. लॅटिन मिस्सा चालायची तेव्हा फादर लोकांकडे पाठ करून दूरच्या वेदीशी उभे असत. लांबट, अरुंद चर्च त्याला साजेसं होतं. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२-६५) वेदी भिंतीपासून सुटली, फादर लोकांकडे वळले, मिस्सा लोकांच्या भाषेत आली. बाकांनी वेदीजवळ सरकायला हवं होतं. कोरियांनी चौक आणि मोठाली कवचं एकमेकांत गुंफली. गरम हवा कवचांच्या माथ्यातून निघून जाते. मुंबईच्या उकाड्यात प्रार्थनेला बसणाऱ्याची एवढी काळजी कोणत्या मनोऱ्यानं घेतली?

शेजाऱ्यांना हे पटेना. जुनं ते जुनंच, जुन्या गोव्याचं बॉम जेझू बघा, म्हणाले. बघूच. १६०५ साली पूर्ण झालेल्या त्या बासिलिकेचा चुन्याचा गिलावा १९५० च्या दशकात खरवडून काढला. आज आपण ‘प्राचीन’ म्हणून ज्या लाल जांभ्याचे फोटो काढतो, तो उघडा पडून शंभर वर्षंही झालेली नाहीत. आमच्या भागात जांभा नवा नाही: छिद्राछिद्रांचा दगड, पाणी आत मुरवून घेणारा. बांधणाऱ्यांनी गिलावा शोभेसाठी दिला नव्हता.

“असेल,” ते म्हणाले, “पण आम्ही गावात मोजके. लांबून क्रूस दिसला की बरं वाटतं.”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आतला बाक रविवारी तासभर लागतो; रस्त्याकडची भिंत त्या माणसाला रोज लागते, बाजारातून येताना, कामावर जाताना. म्हणजे तीही वापराचीच वस्तू. वर्गणी काढून बांधलेल्या लहान चर्चवर कोणी मनोऱ्याचा हट्ट धरला, तर मी आता त्याला दिखाऊपणा म्हणणार नाही. वारा खेळता ठेवा, वेदी जवळ आणा, आणि मनोऱ्यासाठी चार पैसे जास्त लागले तरी लागू द्यात.