राऊटर कपाटात, बोंब गल्लीभर

बस इथे. चहा होतोय तोवर मला सांग, हा दुसरा एक्स्टेंडर आणायचा सल्ला तुला कुणी दिला? दुकानदाराने. मग झालंच! आणि शंभर एमबीपीएसचा प्लॅन तीनशेचा करायचा? तो कंपनीच्या फोनवरून आला. घरात येणारं इंटरनेट तिप्पट केलंस, पण ते अडतंय कुठे, हे बघायला एकदा तरी खुर्चीवरून उठलास का?

आत येताना पाहिला मी तुझा राऊटर. टीव्ही युनिटच्या बंद कप्प्यात, टीव्हीच्या पाठीमागे, शेजारी इन्व्हर्टर. का, तर डबा दिसला की हॉलची शोभा जाते. फायबर टाकायला आलेल्या पोराने वायर जिथे पोचली तिथे तो ठेवला आणि तो पुढच्या घरी गेला. तू काम वरच्या खोलीत बसून करतोस, हे त्याला स्वप्नात कळणार होतं?

वाय-फायच्या लहरींची तरंगलांबी काढ. काढ ना, इंजिनिअर आहेस. वेग भागिले वारंवारता. २.४ गिगाहर्ट्झला साडेबारा सेंटीमीटर, ५ गिगाहर्ट्झला सहा. ही आखूड लहर भिंतीत जास्त मार खाते. म्हणून हॉलमध्ये ५ वाली पळते आणि वर पोचेपर्यंत तिचा जीव जातो. २.४ वाली लांब जाते, पण हळू. शिवाय आख्खी सोसायटी तिच्यावरच बसलेली. तिथे चॅनल १, ६ किंवा ११ यांपैकी जो मोकळा असेल तो निवडायचा, हे तरी केलंस? जगदीशचंद्र बोसांनी १८९५ साली कोलकात्यात भिंतीपलीकडची घंटा या लहरींनी वाजवली, हे मी वर्गात सांगत होतो तेव्हा तू खिडकीबाहेर बघत होतास. लहर भिंतीतून जाते रे, पण उरते किती? तुझ्या वाटेत सळयांचा स्लॅब, बाथरूमचा मोठा आरसा आणि लोखंडी कपाट. धातू लहर परतवतो. सातवीतलं पोरगं सांगेल.

आणि त्या अँटेना! चारही उभ्या, जणू कवायतीला उभ्या केल्यात. लहरी टोकातून वर निघतात असं वाटलं तुला? उभ्या अँटेनाभोवती त्या मेदूवड्यासारख्या पसरतात, आडव्या. भोक नेमकं वर आणि खाली. तुझी खोली त्या भोकात आहे. एक अँटेना आडवी कर.

एक्स्टेंडर वरच्या खोलीतच लावलास ना? जिथे मुळात रेंज नाही, तिथे तो काय पुढे पाठवणार? लावायचाच तर मधल्या वाटेवर, जिन्यात. तिथेही स्वस्तातला एक्स्टेंडर त्याच रेडिओने ऐकतो आणि त्यानेच बोलतो, त्यामुळे वेग निम्म्यावर येतो. दोन घेतलेस म्हणून दुप्पट मिळणार, हे गणित तुला मी शिकवलेलं नाही.

वायर नको म्हणतोस. का नको? गच्चीवरच्या डिशची वायर ज्या पाइपातून हॉलमध्ये उतरली आहे, त्यातूनच कॅट-६ केबल वर ने. शंभर मीटरपर्यंत चालते ती. तुझ्या घराला पंधरा पुरतील. वर एक ॲक्सेस पॉइंट लाव. इलेक्ट्रिशियन तासाभरात करून जाईल. पण केबलला पैसे द्यायचे म्हटलं की तुझा हात आखडतो, आणि दिवे लुकलुकणाऱ्या डब्यांना नाही.

थांब, लगेच केबल आणायला पळू नकोस. हीच तुझी खोड, मोजण्याआधी विकत घेणं. आधी लॅपटॉप वायरने राऊटरला जोड आणि वेग बघ. तिथेच कमी आला तर दोष लाइनचा. मग कंपनीशी भांड. तिथे पुरेपूर आला तर दोष तुझ्या घराचा. मग राऊटर कप्प्यातून काढून जिन्याजवळ उंचावर ठेव आणि प्रत्येक खोलीत फोनवर सिग्नलचा आकडा बघ. उणे ५० उत्तम, उणे ६७ पर्यंत व्हिडिओ कॉल चालेल, उणे ८० म्हणजे रडारड. आणि ५० ते ८० फरक तीसचा नाही, हजारपटीचा आहे. डेसिबल! लॉगॅरिथम! मान कसली हलवतोस?

दोन्ही मजल्यांचा नकाशा काढून खोलीखोलीत आकडे भरून आण, दार उघडं असताना आणि बंद असताना वेगवेगळे. कागदावर, पेनने. मोबाइलवर फोटो पाठवू नकोस. तुझं अक्षर अजून तसंच किरटं आहे का, तेही बघायचंय मला.