कझाकस्तानातील करार आणि गोतावळा

कझाकस्तानात अनेक वर्षे राहून व्यवसाय करणाऱ्या परदेशी माणसाच्या बोलण्यात एक तक्रार हमखास येते: येथे कायद्यापेक्षा ओळख चालते, आणि टेंडरपासून परवान्यापर्यंतचे काम एखाद्या ‘आगाश्का’च्या, म्हणजे वडीलकीच्या नात्याने पाठराखण करणाऱ्या वजनदार माणसाच्या शब्दावर अडते किंवा सुटते. ही तक्रार खोटी नाही. परंतु करार हा आधुनिक परकीयांचा आणि गोतावळा हा मागासलेल्या स्थानिकांचा, ही तिने गृहीत धरलेली वाटणी मात्र तपासून पाहावी लागते.

कझाक माणसाला पित्याकडील सात पूर्वजांची नावे ठाऊक असावीत अशी अपेक्षा असते आणि त्या सात पिढ्यांच्या आत विवाह वर्ज्य मानला जातो. धर्मशास्त्रातील सपिंडतेची मर्यादाही पितृकुळाकडून सात पिढ्यांचीच असल्याने मराठी वाचकाला हा नियम फारसा परका वाटणार नाही. स्टेपवर, म्हणजे मध्य आशियातील विस्तीर्ण गवताळ मैदानावर, या वंशावळीला रोकडा अर्थ होता. हिवाळ्यात गवतावर बर्फाचा कडक थर बसून जनावरे उपाशी मरत, त्या आपत्तीला ‘जुत’ म्हणतात. अशा वर्षी कुळातील लोक आपापली जनावरे देऊन बुडालेल्या कुटुंबाला पुन्हा उभे करत. पुढे सोव्हिएत राजवटीने पशुपालकांना सक्तीने स्थिर वस्तीत आणि सामूहिक शेतीत कोंबले, आणि १९३० ते १९३३ या काळातील दुष्काळात सुमारे १५ लाख माणसे मेली, त्यांत बहुसंख्य कझाक होते. १९९१ मध्ये स्वातंत्र्य मिळाल्यावर कारखान्यांत महिनोन्‌महिने पगार थकले. पहिल्या वेळी राज्यसंस्था मारक ठरली, दुसऱ्या वेळी ती हतबल होती. अशा अनुभवातून गेलेला समाज कागदावरील हमीपेक्षा नात्यावर भिस्त ठेवतो, याला मागासलेपण म्हणणे उथळपणाचे आहे. ‘तोई’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, शेकडो पाहुण्यांच्या विवाहभोजनालाही परदेशी रहिवासी उधळपट्टी म्हणतो, आणि त्यासाठी कर्ज काढणाऱ्या कुटुंबांकडे पाहता त्यात तथ्यही आहे. मात्र तेथील आहेर कोणी किती दिला हे विसरले जात नाही आणि यथावकाश तो फेडला जातो, हे त्याच्या हिशेबात येत नाही.

याहून महत्त्वाचा मुद्दा असा की परकीय भांडवलही या अपेक्षांच्या बाहेर राहिलेले नाही. कारागांदा प्रांतातील तेमिरताऊ येथील अवाढव्य पोलाद कारखाना १९९५ मध्ये लक्ष्मी मित्तल यांच्या उद्योगसमूहाने घेतला, तेव्हा भट्ट्यांबरोबर कोळशाच्या खाणी आल्या आणि शहरातील घरांना हिवाळ्यात ऊब पुरवणारी वीज-उष्णता केंद्रेही आली, कारण सोव्हिएत व्यवस्थेत कारखाना हाच गावाचा पोशिंदा असे. मालकाच्या वहीत हा सामाजिक खर्च होता. गावाच्या दृष्टीने ते कर्त्या पुरुषाचे कर्तव्य होते. या दोन वाचनांमधील अंतर खाणींतील एकामागून एक अपघातांनी वाढत गेले. २८ ऑक्टोबर २०२३ रोजी कोस्तेन्को खाणीतील स्फोटात ४६ कामगार दगावले, त्याच दिवशी राष्ट्राध्यक्ष कासीम-झोमार्त टोकायेव यांनी कंपनीशी असलेले गुंतवणूक-सहकार्य थांबवण्याचा आदेश दिला आणि वर्ष संपण्यापूर्वी कारखान्याचे हस्तांतर झाले.

पश्चिमेकडील तेंगीझ तेलक्षेत्रात चित्र उलटे दिसते. शेव्हरॉन कंपनीबरोबर १९९३ मध्ये ४० वर्षांसाठी झालेल्या कराराने तेथे कामगारांच्या बंदिस्त छावण्यांची जणू वेगळी वसाहत उभी राहिली. गावाशी नाते न जोडता तेल काढता येते, हे तिने दाखवले. पण २००६ मध्ये तुर्की आणि २०१९ मध्ये अरब कामगारांशी स्थानिक कामगारांच्या हाणामाऱ्या झाल्या, आणि त्यांच्यामागे परकीयांना मिळणाऱ्या जादा वेतनाचा साचलेला राग होता. शिवाय तेलक्षेत्रांच्या मोठ्या करारांचा संपूर्ण मजकूर जनतेसमोर नाही. ते राजधानीतील मोजक्या लोकांशी बसून ठरले, म्हणजे आगाश्काची गरज परकीयांनाही लागलीच, फक्त त्यांचा आगाश्का अधिक उंचीवर बसलेला होता.

अस्तानातील आंतरराष्ट्रीय वित्तीय केंद्रात २०१८ पासून इंग्रजी कॉमन लॉच्या, म्हणजे न्यायालयीन पूर्वनिर्णयांवर उभ्या असलेल्या कायदापद्धतीच्या धर्तीवर चालणारे स्वतंत्र न्यायालय आहे, आणि परकीय गुंतवणूकदार त्यावर समाधानी असणे स्वाभाविक आहे. मात्र २०२२ च्या जानेवारीत वाहनांच्या गॅसचा दर जवळपास दुप्पट झाल्यावर तेलनगरी झानाओझेनमधून जो उद्रेक देशभर पसरला आणि ज्यात २०० हून अधिक माणसे मेली, त्याची फिर्याद अशा न्यायालयात दाखल होऊ शकत नाही. तेंगीझच्या कराराची मुदत २०३३ मध्ये संपते, आणि मुदतवाढ हवी असेल तर ती देशाला अधिक लाभदायक अटींवर व्हावी, असे टोकायेव यांनी २०२५ च्या आरंभीच सांगून ठेवले आहे. त्या अटींत तेलाच्या वाट्याबरोबर आसपासच्या गावांतील रोजगार, वेतन आणि पाणी यांना जागा मिळते की नाही, यावर तेथील कामगार नव्या कराराला आपला मानतील की नाही हे ठरेल.