मडक्यातील मूठभर पीठ



तुमसर तालुक्यातील आपल्या नाकाडोंगरी परिसरात विश्वासाची परीक्षा बहुधा जुलै महिन्यात होते. पऱ्हे रोवणीला आलेले असतात, बांधीत पाणी नसते आणि सगळ्यांचे डोळे आभाळाकडे लागलेले असतात. पाऊस आला म्हणून काळजी संपते असेही नाही. २०१७ च्या खरिपात तुडतुड्याने हातातोंडाशी आलेले धान वाळवले. २०२० च्या ऑगस्टअखेर वैनगंगेच्या पुराने जिल्ह्यातील कितीतरी घरांत पाणी शिरले. अशा वेळी प्रभू येशूने सांगितलेला आकाशातील पाखरांचा आणि रानफुलांचा दृष्टान्त ऐकताना मनात प्रश्न येतो : पाखरांना चारणारा स्वर्गीय पिता आमच्या लेकरांना विसरला तर नाही ना?

हा प्रश्न विचारणे म्हणजे अविश्वास नव्हे. राजांच्या पहिल्या पुस्तकाच्या सतराव्या अध्यायात सारफथ गावची एक विधवा आपल्याला भेटते. देशात दुष्काळ पडला आहे. तिच्या मडक्यात मूठभर पीठ आणि कुपीत थोडेसे तेल उरले आहे. शेवटची भाकर करावी, मुलासोबत खावी आणि मग मरणाची वाट पाहावी, एवढाच तिचा विचार आहे. परमेश्वर आपल्या भुकेल्या संदेष्ट्याला, एलियाला, कोणाकडे पाठवतो? धान्याची कोठारे असणाऱ्या राजाकडे नव्हे, तर या विधवेकडे!

या प्रसंगातील तीन गोष्टी आपण नीट पाहू या. पहिली, त्या बाईने आपली गरिबी लपवली नाही. घरात किती पीठ आहे, हे तिने परक्या माणसाला स्पष्ट सांगितले. दुसरी, त्या मुठीतूनही तिने आधी पाहुण्याला भाकर दिली. तिसरी, तिचे मडके काठोकाठ भरले नाही. पाऊस येईपर्यंत त्यातील पीठ फक्त संपले नाही. प्रभूने आपल्याला शिकवलेल्या प्रार्थनेतही आपण वर्षभराचे धान्य मागत नाही, रोजची भाकर मागतो. देवाची तरतूद बहुधा अशीच येते, आजच्यापुरती आणि कोणाच्या तरी हातून.

आपल्या महाराष्ट्रातील एक उदाहरण पाहू या. पंडिता रमाबाईंनी भूक पुस्तकात वाचलेली नव्हती. १८७० च्या दशकात दक्षिण भारतातील दुष्काळाच्या काळात त्यांचे आईवडील आणि थोरली बहीण त्यांच्या डोळ्यांदेखत गेली. पुढे १८८० मध्ये भाऊ गेला, १८८२ मध्ये पती गेले. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात भीषण दुष्काळ पडला. आपला भंडारा जिल्हा तेव्हा याच मध्य प्रांतात होता. त्या वेळी रमाबाई स्वतः प्रवास करून त्या प्रांतात आल्या आणि सुमारे ३०० मुली व तरुण विधवांना आपल्यासोबत घेऊन गेल्या. पुणे जिल्ह्यातील केडगावचे मुक्ती सदन त्यातून उभे राहिले.

रमाबाईंच्या आईवडिलांना देवाने का वाचवले नाही? याचे उत्तर आपल्याकडे नाही, आणि दुःखी माणसासमोर असे उत्तर रचून सांगणे बरे नाही. क्रूसावर प्रभू येशूनेही आपल्या पित्याला ‘का?’ असे विचारले होते. पण एवढे आपण पाहू शकतो की, ज्या मुलीने उपासमार सोसली, तिलाच पुढे उपाशी मुली दिसल्या. तिची भूक देवाने वाया जाऊ दिली नाही. त्या ३०० जणींसाठी देवाची तरतूद एका अनाथ विधवेच्या रूपाने चालत आली.

बंधू-भगिनींनो, देवावर भरवसा ठेवणे म्हणजे हात बांधून बसणे नव्हे. ज्याची रोवणी आटोपली, तो उरलेले पऱ्हे शेजाऱ्याला देतो, तेव्हा त्या बांधीत देवच काम करीत असतो. मात्र कर्जाच्या किंवा नापिकीच्या ओझ्याखाली दबलेला आपला एखादा भाऊ दार लावून एकटा बसला असेल, तर तो मागायला येण्याची वाट पाहू नका. त्याच्याकडे जा. आणि तुम्हीच दाराआड बसला असाल, तर सारफथच्या विधवेप्रमाणे मोकळेपणाने सांगा. मडक्यात किती उरले आहे, हे सांगण्यात लाज नाही. कदाचित तुमच्या दारात उभा असलेला माणूस देवानेच पाठवलेला असेल.

या आठवड्यात आपण एक छोटा संकल्प करू या. रोज भात शिजवताना मूठभर तांदूळ बाजूला काढू या आणि येत्या रविवारी ते अशा घरी स्वतः नेऊन देऊ या, जिथे त्यांची गरज आहे. तिथे थोडा वेळ बसू या, बोलू या आणि ऐकू या.

प्रार्थना : हे प्रेमळ पित्या, आमच्या बांधीवर पाऊस पाठव. पाऊस लांबला तर आम्हांला धीर दे, आणि कोणाची तरी रोजची भाकर होण्याची कृपा दे. आमच्या प्रभू येशू ख्रिस्ताद्वारे आम्ही ही प्रार्थना करतो. आमेन.