कामावर कोण, कागदावर कोण

पावसाळ्यात आमच्या भागातल्या रामलिंगाच्या देवळाला आलेला माणूस येडशीचा धबधबा बघितल्याशिवाय परतत नाही. घायाळ जटायूला पाणी पाजायला रामाने बाण मारला आणि ही धार फुटली, असं इथे सांगतात. ना निविदा, ना अनामत रक्कम. देवाचं बरं असतं!

माणसांना इतक्या सहज पाण्याचं काम मिळालं ते बहात्तरच्या दुष्काळात. पाझर तलाव, नालाबांध. घमेलं उचलायची तयारी एवढीच पात्रता. त्या कामावर खायला मिळणाऱ्या सुकडीची चव सांगणाऱ्या आज्या आमच्या भागात अजून आहेत. पुढे 1977 च्या रोजगार हमी कायद्याने त्याला हक्काचं रूप दिलं: काम मागा, 15 दिवसांत मिळेल, नाहीतर भत्ता. बाईला आणि गड्याला दर एकच. मजुरी तुटपुंजी होती, हजेरीपटात बोगस नावं घुसायची, सगळं कबूल. पण खोरं धरण्याआधी अनुभवाचा दाखला कुणी मागत नव्हतं.

2019 मध्ये जलजीवन मिशन आलं. घरोघरी नळ, माणशी रोज 55 लिटर. गावच्या पाणी समितीत निम्म्या बायका हव्यात. पाणी तपासायचं किट बायकांच्या हाती, काम मात्र निविदेतून. तशाच प्रकारचं काम आधी केल्याचा दाखला, बँकेतली पत, यंत्रसामग्री. अटी असाव्यातच, उद्या टाकी गळायला नको. पण काम सुटतं एकाच्या नावावर आणि चर खणतो भलताच. जुलै 2025 मध्ये सांगली जिल्ह्यातल्या एका तरुण ठेकेदाराने जीव दिला. बिलं थकली होती, असं घरचे सांगत होते. सरकारी बाजूचं म्हणणं, त्याच्या नावावर काम नव्हतं, तो उपठेकेदार. म्हणजे पाइप त्याने गाडायचे आणि कागदावर नाव दुसऱ्याचं. हे उत्तर माझ्या डोक्यातून जात नाही.

टाकीखाली फलक असतो: योजना, किंमत, ठेकेदार. पहाटे अंधारात त्याच्या शेजारीच सायकल टेकवून पाणी सोडणारा खाली वाकतो, लोखंडी चावी वॉलवर बसवतो आणि आटे मोजत फिरवतो. वरच्या आळीला अर्धा तास, खालच्या आळीला अर्धा तास. पाणीपट्टी जमली तर त्याचा पगार. गेल्या महिन्याचा अजून व्हायचा आहे.