पाण्याखालचा पांढरा रंग

जव्हार-मोखाड्याच्या डोंगरी मुलुखांत, सूर्यमाळेच्या बाजूच्या वारली पाड्यांतून, लग्नाचा चौक ज्यांनीं पाहिला असेल त्यांस एक गोष्ट आठवेल. गेरूनें सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठानें काढलेल्या त्या रेघा दिवसा दारांतून येणाऱ्या उजेडांत पांढऱ्या दिसतात, आणि रात्रीं दिव्याच्या पिवळसर उजेडांतही पांढऱ्याच दिसतात. वस्तुतः रात्रीं त्या रेघांवरून डोळ्यांत शिरणारा प्रकाश बराच पिवळा असतो. कॅमेऱ्याला कोणी कांहीं न सांगतां चित्र घेऊं दिलें तर तो तें तत्काळ उघड करील. आपला डोळा मात्र पिवळेपणा दिव्याच्या खातीं मांडतो आणि पांढरेपणा पिठाकडे राहूं देतो. ही दुरुस्ती आपण जन्मभर करीत असतों. तिला कोणी लबाडी म्हटल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं.

माळावरच्या या भिंतीवरून एकदम मालवणच्या समुद्रांत उतरणें वाचकांस विचित्र वाटेल. पण प्रश्न तोच आहे. तेथें तो डोळ्याच्या आवाक्याबाहेर जातो इतकेंच. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या व तारकर्लीच्या परिसरांत हौशी प्रवासी आतां पाण्याखालीं बुडी मारतात आणि आपलें चलच्चित्र घेऊन घरीं येतात. मूळ चित्र पाहावें तों सारें हिरवट-करडें. मासे राखेच्या रंगाचे, तांबडा पट्टा काळा. मग यंत्राच्या साह्यानें रंग 'सुधारले' जातात आणि समुद्र एकाएकीं निळाशार होतो. हें सत्य झालें कीं असत्य?

पाणी सर्व रंग सारखे गिळीत नाहीं. तांबडा आधीं जातो, मग नारिंगी, मग पिवळा. पांच मीटर खोलीवरच तांबड्याचा मोठा भाग नाहींसा झालेला असतो. वीस-तीस मीटरांवर बोट कापलें तर रक्त काळपट-हिरवें दिसतें. किनाऱ्यालगत गाळ आणि सूक्ष्म वनस्पती असल्यानें निळाही फार टिकत नाहीं, हिरवा तेवढा उरतो. (समुद्राचा निळेपणा हें आकाशाचें नुसतें प्रतिबिंब नव्हे, ही गोष्ट रामन यांनीं १९२१ सालीं विलायतेच्या प्रवासांत भूमध्य समुद्र न्याहाळून ताडली होती.) म्हणून जाणता छायाचित्रकार खोलीवर पोहोंचला कीं भिंगासमोर पांढरी पाटी धरतो आणि कॅमेऱ्यास बजावतो कीं येथें पांढरें म्हणावयाचें तें हें. व्हाइट बॅलन्स तो हाच. आणखी चार मीटर खालीं गेल्यास पाटी पुन्हां धरावी लागते, कारण तेथला उजेड निराळा असतो.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो आम्हांस वजनदार वाटतो. बुडी मारणाऱ्यानें तरी तो तांबडा रंग कोठें पाहिला होता? त्याचा अनुभव हिरवट अंधुकपणाचा. मग दुरुस्त चित्र त्याच्या अनुभवाशीं प्रतारणा करीत नाहीं काय? आक्षेप पुढें रेटला तर तो अधिकच कठीण होतो. खोल समुद्रांतील कांहीं मासे व कोळंब्या गडद तांबड्या असतात. तेथें तांबडा प्रकाश पोहोंचतच नाहीं, आणि म्हणूनच तो तांबडेपणा त्यांस काळोखांत लपवितो. दिव्याच्या झोतांत दाखविलेला त्यांचा रंग खोटा नव्हे. पण त्या जीवाच्या उभ्या आयुष्यांत तो कोणी पाहिलेला नसतो. त्यामुळें 'मासा कोणत्या रंगाचा आहे' आणि 'मासा तेथें कसा दिसतो' हे दोन प्रश्न निराळे मानल्यावांचून गत्यंतर नाहीं. आपण कोणत्या प्रश्नाचें उत्तर देत आहों हें चित्रकारानें सांगितलें म्हणजे आक्षेपाची निम्मी धार जाते.

उरलेली निम्मी आम्हांस अधिक महत्त्वाची वाटते. क्षीण होऊन कां होईना, जो तांबडा कॅमेऱ्यापर्यंत आला तो वाढवून दाखविणें ही दुरुस्ती. जो आलाच नाहीं तो घालणें ही रचना. शिवाय जवळच्या माशाचा रंग थोडा गेलेला असतो, दूरच्या खडकाचा पुष्कळ. सबंध चित्रावर एकच मात्रा लागू करणें हें मुळांतच चुकीचें. हायफा विद्यापीठांतील दर्या अक्कायनाक व ताली त्राइबित्स यांनीं २०१९ सालीं मांडलेली रीत प्रत्येक बिंदूचें अंतर हिशेबांत घेते तें यासाठींच. न्यायालयांतील लेखनिक वारली साक्षीदाराची बोली ग्रांथिक मराठींत उतरवितो, त्यालाही हीच मर्यादा आहे. शब्द सुधारावा; पण न उच्चारलेला शब्द घालूं नये.

हौशी प्रवाशाच्या चित्रांत कोणी थोडी रचना केली तर आम्ही डोळेझांक करूं. पण मालवणचा हा सागरी भाग १९८७ सालीं अभयारण्य म्हणून घोषित झाला आहे, आणि तेथें प्रवाळ आहेत. प्रवाळाचा रंग बव्हंशीं त्याच्या अंगांत राहणाऱ्या सूक्ष्म शैवालांचा असतो. पाणी प्रमाणाबाहेर तापलें कीं शैवालें निघून जातात आणि आंतला चुन्याचा सांगाडा पांढरा दिसूं लागतो. १९९८ सालीं हिंदी महासागरांतील प्रवाळ मोठ्या प्रमाणावर असे पांढरे पडले. असा प्रवाळ मेलेला नसतो; पाणी वेळींच निवलें तर तो सांवरतो. तेव्हां त्याचा पांढरेपणा किती, हा प्रश्न रोग्याच्या नाडीइतका नाजूक आहे. चित्रांतील सर्वांत फिकट ठिकाण तेंच पांढरें, असें यंत्रानें आपल्या मनानें ठरविलें, तर थोडा तपकिरी उरलेला प्रवाळ पुरता पांढरा ठरतो. कोणी शोभेसाठीं उबदार तांबूस छटा घातली, तर पांढरा पडलेला प्रवाळ निरोगी दिसतो. दोन्ही चित्रें देखणीं असतील, आणि कोणाच्या मनांत फसविण्याचा हेतुही नसेल.

अशा कामासाठीं घेतलेल्या चित्राची मूळ प्रत, हिरवट असली तरी, जपून ठेवावी आणि सुधारलेल्या प्रतीबरोबर खोली व अंतर लिहून ठेवावें. प्रवाळाशेजारीं धरलेली पांढरी पाटीही चित्रांत दिसूं द्यावी. ती कापून टाकली म्हणजे चित्र सुबक होतें खरें, पण पुढल्या वर्षीं तोच प्रवाळ पाहावयास जाणाऱ्यास ताडून पाहण्याजोगें कांहीं उरत नाहीं.