अनामाचे कर्तृत्व

मुंबई उच्च न्यायालयाच्या इमारतीत एका खांबाच्या शीर्षावर हाती तराजू धरलेले माकड कोरलेले आहे. त्याच्या एका डोळ्यावर पट्टी आहे, दुसरा उघडा आहे. हे न्यायदेवतेचे विडंबन आहे, हे कळण्यासाठी चिन्हमीमांसेची गरज नाही. याच वास्तूत गळ्यात वकिली पट्ट्या अडकवलेला कोल्ह्यासारखा प्राणीही भेटतो. जेम्स फुलर यांच्या आराखड्यानुसार १८७८ साली पूर्ण झालेल्या या गॉथिक इमारतीत ही थट्टा शिरली कशी, याविषयी एक आख्यायिका सांगितली जाते. कोणा पारशी पोटकंत्राटदाराचा मुख्य कंत्राटदाराशी तंटा झाला, तो खटला हरला आणि आपला निवाडा त्याने दगडात नोंदवून ठेवला.

आख्यायिका इतकी सुबक आहे की तिच्याविषयी सावध राहणेच बरे. युरोपातील मध्ययुगीन चर्चमधून प्रवचन देणारे कोल्हे आणि माणसाची नक्कल करणारी माकडे विपुल आढळतात. गॉथिक शैली समुद्र ओलांडून आली तेव्हा तिच्या सामानात ही थट्टाही आली असणे अगदी संभवनीय आहे. तसे असेल तर हे माकड कोणाच्या सूडाचे नव्हे, एका संकेतव्यवस्थेचे अपत्य ठरते. एका वाचनात कर्ता आहे, दुसऱ्यात केवळ परंपरा. पुरावा दुसऱ्या वाचनाला अधिक अनुकूल असूनही आपले मन पहिल्याकडे ओढ घेते. या ओढीला नैतिक म्हणावे की भाबडी, हा प्रस्तुत लेखकापुढील प्रश्न आहे.

बार्थने १९६७ साली घोषित केलेला लेखकाचा मृत्यू आपल्या समीक्षेने एव्हाना पचवला आहे. आम्ही तो वर्गात शिकवतो, विद्यार्थी परीक्षेत लिहितात. संहितेच्या मागे उभा असलेला, तिच्या अर्थावर मालकी सांगणारा कर्ता हटवला की वाचक मुक्त होतो, ही ती भूमिका. ज्यांची नावे ग्रंथाच्या मुखपृष्ठावर छापली गेली त्यांच्याबाबत ती न्याय्यच होती. परंतु जो कर्ता म्हणून कधी जन्मालाच आला नाही, त्याचा मृत्यू घोषित करण्याचा अधिकार आपल्याला कोठून मिळतो?

न्यायालयाच्या शेजारीच विद्यापीठाचा राजाबाई मनोरा आहे. ग्रंथालयाच्या निमित्ताने त्याच्या खालून प्रस्तुत लेखकाने अनेक वर्षे ये-जा केली, ती बहुधा घड्याळ पाहत. २८० फूट उंचीच्या या मनोऱ्यावर पश्चिम भारतातील जातीजमातींचे प्रतिनिधी म्हणून २४ मानवाकृती उभ्या आहेत. आराखडा जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचा. ते मुंबईत कधी आलेही नाहीत. पैसा प्रेमचंद रायचंद यांचा, नाव त्यांच्या मातोश्रींचे. आकृतींचे नमुने घडवण्याचे श्रेय सहायक अभियंता रावबहादुर मुकुंद रामचंद्र यांना दिले जाते. इथवर नोंद चोख आहे. त्या नमुन्यांबरहुकूम ज्यांनी प्रत्यक्ष छिन्नी चालवली त्यांच्यापाशी मात्र प्रचलित वर्णने थांबतात. व्हिक्टोरिया टर्मिनसच्या (१९९६ पासून छत्रपती शिवाजी टर्मिनस, २०१७ पासून ‘महाराज’ या पदासह) कोरीवकामाविषयीही ‘जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे विद्यार्थी’ असे अनेकवचन तेवढे वाचायला मिळते. त्यांचे शिक्षक जॉन ग्रिफिथ्स मात्र एकवचनी राहतात.

एके दिवशी कोणाची तरी दुर्बीण मागून घेऊन त्या आकृती पाहिल्या. पहिली प्रतिक्रिया अपराधाची होती: इतकी वर्षे हे दिसले कसे नाही? दुसरी जरा उशिरा आली आणि अधिक त्रासदायक ठरली. हे जे मी आता इतक्या भक्तिभावाने पाहत होतो ती माणसे नव्हती, ते वर्गीकरण होते. ‘द पीपल ऑफ इंडिया’ या छायाचित्रमालेचे आठ खंड १८६८ ते १८७५ या काळातले. मनोऱ्याचे बांधकाम १८६९ ते १८७८ मधले. प्रजेला जातवार नमुन्यांत मांडणारी दृष्टी तीच, फक्त माध्यम दगडाचे. म्हणजे दुर्लक्षित शिल्पाकडे लक्ष देणे हे आपोआप पुण्यकर्म ठरत नाही. ज्याने हे नमुने मांडवले त्याच्याच डोळ्यांनी आपण ते पाहत असण्याचा धोका असतो. जुन्या इमारतींविषयीच्या आपल्याकडील रसाळ लेखनाने हा धोका फारसा ओळखलेला नाही, असे नाइलाजाने म्हणावे लागते.

तरीही दुर्बीण खाली ठेवावीशी वाटेना. देवळाच्या शिखरावरील मूर्ती माणसाला दिसली नाही तरी देवाला दिसते, हा तिच्या कारागिराचा भरवसा होता. मनोऱ्यावरच्या पाथरवटाला तोही नव्हता. खालच्या रस्त्यावरून वस्त्राची चुणी कोणाला दिसणार नाही, हे त्याला ठाऊक असणारच. नमुना ठरलेला, जात ठरलेली, मजुरी ठरलेली. मग चुणीवर घालवलेला जादा वेळ कोणाच्या हिशेबी धरायचा? ती त्याची सही आहे, असे म्हणण्याचा मोह होतो. पण सही म्हटले की पुन्हा पारशी पोटकंत्राटदाराची गोष्टच रचल्यासारखे होते. ती निव्वळ हाताची सवय होती असे म्हणावे, तर ज्यांनी त्याला नोंदीतून वगळले त्यांच्या बाजूने आपण निकाल दिलेला असतो.

माकडाची गोष्ट मी वर्गात अजूनही सांगतो. आधी आख्यायिका, मग मध्ययुगीन चर्चमधली माकडे. दुसरा भाग ऐकताना मुलांचे चेहरे उतरतात. गेल्या वर्षी एका विद्यार्थिनीने विचारले, खटला हरलेला तो पारशी खरा धरला, तरी तो कंत्राटदारच ना. माकड कोरले कोणी? तिला मी उत्तर दिलेले नाही.