तिसरा पाव

सदाशिव पेठेत मी ज्या हॉटेलात जवळजवळ रोज मिसळ खायचो, तिथे बिल नावाचा कागदच नव्हता. खाऊन उठायचं, हात धुवायचे आणि गल्ल्यावर जाऊन आपणच सांगायचं, एक मिसळ, दोन पाव जादा, एक चहा. काका तोंडी हिशेब करून आकडा सांगायचे. रस्सा कितीही वेळा मागा, फुकट. जादा पाव मात्र मोजून.

मी तेव्हा यूपीएससीची तयारी करत होतो. मुख्य परीक्षेत २०१३पासून नीतिशास्त्राचा वेगळा पेपर असतो, २५० गुणांचा. त्यासाठी कान्ट वाचला होता. त्याच्या १७८५ सालच्या पुस्तकात एक दुकानदार आहे. सगळ्यांना एकच भाव लावतो, लहान मुलालाही फसवत नाही. पण हे तो धंदा टिकावा म्हणून करत असेल, तर त्यात नैतिक असं काय उरलं? यावर मी झकास उत्तरं लिहायचो. आणि महिनाअखेरीला, घरून पैसे येण्याआधी, तीन जादा पाव खाऊन गल्ल्यावर दोन सांगायचो.

पहिल्या वेळी कान तापले. नंतर आतला वकील उभा राहिला. एका पावाने त्यांचं काय जातंय, मी रोजचा गिऱ्हाईक आहे, पुढच्या महिन्यात देऊन टाकू. काका मान वर न करता ‘बरं’ म्हणायचे. मला वाटायचं, किती भोळा माणूस!

तिसऱ्या वर्षी एकदा नेहमीची जागा मिळाली नाही म्हणून गल्ल्याशेजारी बसलो. तिथून दिसलं. गिऱ्हाईक उठून निघालं की वाढणारे मामा त्याच्या पाठीमागून काकांना बोटं दाखवायचे. तीन बोटं, तीन पाव. म्हणजे काकांना प्रत्येकाचा आकडा आधीच माहीत असायचा. माझाही.

त्या दिवशी मिसळ घशाखाली उतरेना. मी विश्वासघात केला असं म्हणावं, तर विश्वास होता कुठे? त्यांना सगळं माहीत होतं. दया म्हणावी, तर ती त्यांनी मला कळू दिली नव्हती. कळली असती तर मी रागावून हॉटेल बदललं असतं (तेवढा माज उपाशीपोटीही असतो). की हा कान्टचाच दुकानदार, एका पावासाठी रोजचं गिऱ्हाईक कशाला तोडा, असा साधा हिशेब? असेलही. पण तो पाव ज्याने खाल्लाय त्याने त्यांच्या हेतूची उलटतपासणी करावी, हे काही मला पटत नाही.

मागचं सगळं कबूल करून पैसे पुढे ठेवावेत, तर त्यांनी इतके दिवस सांभाळलेलं न बघणं मीच उघडं पाडणार. म्हणून दुसऱ्या दिवशी मी तीन खाल्ले आणि चार सांगितले.

काका थांबले. पहिल्यांदाच मान वर करून माझ्याकडे बघितलं.

‘तीन,’ म्हणाले आणि तिनाचेच पैसे घेतले.

आता नोकरी आहे. पुण्यात गेलो की तिथे जातो. गल्ल्यावर पैसे जमा झाल्याचं ओरडून सांगणारा डबा आलाय, पण काय खाल्लं ते अजून आपणच सांगायचं असतं. मी खरं सांगतो. ते पाठीमागच्या बोटांच्या भीतीने, की आणखी कशाने, हे मला नीट ठरवता येत नाही. निघताना मागे वळून बघायचं मात्र टाळतो.